पेटी दर वेळी अडीच मिमी मोठी का निघते? के-फॅक्टरच्या आधी प्रेसवरची व्ही बघा

ड्रॉइंगमध्ये तळ ३०० मिमी. प्रेसवरून, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवरून, उतरलेल्या पेटीचा तळ ३०२.५. दुसरी पेटी मोजली, तीही ३०२.५. तिसरीही तेवढीच. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात त्या दिवशी चाळीस पेट्यांचे ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधीचे सपाट तुकडे, लेझरवर कापून आले होते आणि त्यांतल्या सहा वाकवून झाल्या होत्या. इलेक्ट्रिकल पॅनेलची साधी पेटी, १.६ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. दार दुसरीकडे बनून आधीच आलं होतं. ते लावून पाहिलं तर गास्केट लिपवर (भिंतीच्या टोकाला वळवलेल्या अरुंद पट्टीवर) नीट टेकत नव्हती आणि बिजागरीची भोकं जुळत नव्हती.

असं आमच्याकडे पहिल्यांदा झालं नव्हतं. दर वेळी तोच इलाज व्हायचा: डीएक्सएफ (लेझरला द्यायची कापणीची फाइल) उघडायची, कडा आत ओढून दोन-अडीच मिमी कमी करायचे आणि पुन्हा कापायला पाठवायचं. ती पेटी जमायची, पुढची पुन्हा चुकायची. हा इलाज मला आता अजिबात मान्य नाही. मॉडेल एक सांगतं आणि कापलेला पत्रा दुसरंच, अशी फाइल सहा महिन्यांनी कुणी उघडली तर त्याला खरं माप कुठलं ते कधीच कळणार नाही. चूक मॉडेलमध्ये आहे, म्हणून दुरुस्तीही मॉडेलमध्येच व्हायला हवी. त्यासाठी काय करायचं ते इथे आकड्यांसकट लिहितेय.

आधी फरकाचा स्वभाव ओळखा

मशीनला किंवा सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी दोन-तीन नग मोजा आणि फरक कसला आहे ते बघा. फरक वळणांच्या संख्येप्रमाणे वाढत असेल, म्हणजे दोन वळणांच्या चॅनेलमध्ये सव्वा मिमी आणि चार वळणांच्या पेटीत अडीच, तर बेंडचा हिशेब चुकलाय. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

फरक नेमका जाडीच्या दुप्पट असेल, म्हणजे १.६ च्या पत्र्यात ३.२, तर के-फॅक्टरच्या (बेंडच्या हिशेबातला एक आकडा, पुढे समजावते) मागे लागू नका. कुणीतरी आतलं माप बाहेरचं समजलंय, किंवा उलट. गिऱ्हाईक फोनवर “आतून तीनशे” म्हणतं आणि स्केच बाहेरच्या रेषेवर काढलं जातं, असं सर्रास होतं. नग-नगात फरक वेगवेगळा येत असेल तर पत्र्याची जाडी, कोन किंवा बॅक गेज (पत्रा टेकवायचा प्रेसमागचा अडसर) तपासा. आणि सगळंच २५.४ पट लहान किंवा मोठं आलं तर ती इंच आणि मिलिमीटरची गल्लत आहे. डीएक्सएफ कापायला जाते तेव्हा एकक नीट कळवलेलं नसतं आणि समोरचा माणूस आपल्या सवयीचं एकक धरतो.

आमच्या पेटीत आणखी एक खूण होती. तळावरच्या भोकांचं एकमेकांतलं अंतर बिनचूक होतं, पण प्रत्येक भोक जवळच्या भिंतीपासून १.२५ मिमी जास्त लांब होतं. कापणी बरोबर आणि वाकवणी चुकीची, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

मग दोन्ही भिंती ५० च्या ५०, दोन्ही लिप १५ च्या १५, आणि सगळी चूक तळातच का? कारण प्रेस चालवणारा माणूस कडेकडून मोजत येतो. ब्लँकची कड बॅक गेजला टेकवून तो पहिल्या नगावर गेज पुढे-मागे करतो आणि लिप १५ आली की तिथेच कुलूप घालतो. मग लिप टेकवून भिंत ५० ला जुळवतो. दोन्ही बाजूंनी असं करत तो मध्यावर येतो आणि ब्लँकमध्ये जे जास्तीचं असेल ते तळाच्या वाट्याला जातं. ऑपरेटरने आपलं काम चोख केलेलं असतं. तळ मोठा आला म्हणून त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअरने काय धरलं होतं

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दाबला जातो. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. आतल्या पृष्ठापासून हा थर किती अंतरावर आहे, त्याला जाडीने भागलं की के-फॅक्टर मिळतो. थर बरोबर मधोमध असेल तर के ०.५. प्रत्यक्षात वाकताना तो आतल्या बाजूला सरकतो, म्हणून के ०.५ पेक्षा कमी भरतो. रोजच्या कामात तो बहुतेक ०.३३ ते ०.५ च्या दरम्यान असतो.

९० अंशाच्या वळणात वळलेल्या भागाची सपाट लांबी, म्हणजे बेंड अलाउन्स, अशी निघते:

बेंड अलाउन्स = १.५७०८ × (आतला रेडियस + के × जाडी)

आणि बाहेरच्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक वळणाला वजा करायचा आकडा, म्हणजे बेंड डिडक्शन:

बेंड डिडक्शन = २ × (आतला रेडियस + जाडी) − बेंड अलाउन्स

ही दोन सूत्रं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये एवढाच हिशेब चालतो आणि तो कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत पडताळता येतो.

आमच्या मॉडेलमध्ये रेडियस १ मिमी होता. तो कुणी भरला होता ते शोधण्यात वेळ घालवला नाही. टेम्प्लेटमधून आला होता. के ०.५ होता, तो सॉलिडवर्क्स या आमच्या डिझाइन सॉफ्टवेअरचा मूळ आकडा. हे घालून बेंड अलाउन्स २.८३ आणि डिडक्शन २.३७ निघतं. बाहेरच्या मापांची बेरीज १५ + ५० + ३०० + ५० + १५ = ४३०. त्यातून चार वेळा २.३७ वजा केले की ४२०.५. लेझरला गेलेला ब्लँक नेमका एवढाच होता. म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यांवर हिशेब बरोबर केला होता. चुकीचे होते ते आकडे.

रेडियस डायचा असतो

त्या दिवशी प्रेसवरच्या मामांकडे गेले आणि विचारलं, “मामा, हा बेंड तुम्ही एक रेडियसने मारलात ना?” त्यांनी डायवर, म्हणजे पत्र्याखालच्या व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, हात ठेवला. बाराची व्ही म्हणजे ती खाच वर १२ मिमी रुंद. “ताई, बाराची व्ही लावलीय. बाराच्या व्हीत एक रेडियस येईलच कसा? दोन येतो. दर वेळी दोनच येतो.”

मामांनी एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट डिझाइनच्या खुर्चीवर बसणाऱ्या बऱ्याच जणांपर्यंत पोचलेलीच नसते. आपल्याकडचे बहुतेक प्रेस ब्रेक एअर बेंडिंग करतात. वरून येणारा पंच पत्र्याला व्हीमध्ये ढकलतो, पण तळापर्यंत दाबून छाप उठवत नाही. पत्रा व्हीच्या दोन खांद्यांवर टेकलेला असतो आणि मध्ये अधांतरी वाकतो. त्यामुळे आतला रेडियस मुख्यतः व्हीच्या रुंदीवर ठरतो, पंचाच्या टोकावर नाही. साध्या पोलादी पत्र्यात तो व्हीच्या साधारण १६ टक्के येतो. ८ च्या व्हीला सुमारे १.३, १० ला १.६, १२ ला २, १६ ला २.६, २० ला ३.३. प्रेससोबत येणाऱ्या टनेज चार्टवर (कुठल्या व्हीला किती दाब लागतो त्याच्या तक्त्यावर) हेच आकडे छापलेले असतात आणि तो चार्ट बहुतेक वेळा मशीनच्या अंगावरच चिकटवलेला असतो. पंचाचं टोक या रेडियसपेक्षा मोठं असेल तरच पत्रा पंचाचा रेडियस घेतो. जुन्या यांत्रिक प्रेसवर तळापर्यंत दाबून काम होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पंचाचा रेडियस धरावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न प्रेसवाल्याला: एअर बेंडिंग की तळापर्यंत दाबून? आणि दुसरा: कुठली व्ही?

व्ही किती घ्यायची याचा चालू हिशेब म्हणजे पातळ पत्र्याला जाडीच्या आठपट. १.६ × ८ = १२.८, म्हणून बाराची व्ही. गाळ्यात ज्या व्ही असतील त्यांतली जवळची लागते. म्हणजे रेडियस निवडायचं स्वातंत्र्य डिझायनरला फारसं नाहीच. मॉडेलमध्ये १ मिमी लिहिल्याने पत्रा १ मिमीत वाकत नाही.

आता रेडियस २ आणि के ०.४२ घालून हिशेब करा. (०.४२ कुठून आला ते पुढे सांगते.) बेंड अलाउन्स ४.२०, डिडक्शन ३.००. चार वळणांचे १२ वजा करून ब्लँक ४१८. आमच्या ४२०.५ मधले अडीच मिमी इथे सापडले.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका वळणामागे आपली चूक ०.६३ मिमीची होती. त्यातला ०.४३ चुकीच्या रेडियसचा आणि फक्त ०.२० चुकीच्या के-फॅक्टरचा. दोन तृतीयांश चूक रेडियसमध्ये होती आणि असा फरक आला की लोक के-फॅक्टरलाच हलवत बसतात! रेडियस १ तसाच ठेवून नुसत्या के-फॅक्टरने ही पेटी जुळवायची म्हटलं तर तो ०.२५ पर्यंत खाली आणावा लागतो. ९० अंशात माप जुळेलही, पण साध्या सीआर पत्र्याच्या अशा वळणात के इतका खाली जात नाही. असा आकडा कुणाच्या फाइलमध्ये दिसला की समजावं, रेडियस किंवा जाडी खोटी आहे आणि के तिचं ओझं वाहतोय.

तुकडा वाका आणि मोजा

नेटवर के-फॅक्टरचे तक्ते भरपूर मिळतात. सुरुवातीला त्यांचा उपयोग होतो. पण तुमचा पत्रा, तुमची व्ही आणि तुमची प्रेस यांचा आकडा फक्त तुमच्याच गाळ्यात निघतो, आणि तो काढायला अर्धा तासही लागत नाही.

ज्या पत्र्यात काम करायचंय त्याच लॉटमधून साधारण १०० मिमी लांब आणि ५० रुंद अशा तीन पट्ट्या लेझरवर कापून घ्या. शिअरवर (पत्रा कापायच्या कात्रीवर) कापलेल्या पट्टीची कड तिरकी येते आणि बर (धारेवरचा खरखरीत कंगोरा) राहतो, त्यामुळे मोजणी बिघडते. वाकवण्याआधी प्रत्येक पट्टीची लांबी व्हर्नियरने मोजून मार्करने तिच्यावरच लिहा. डीएक्सएफमध्ये १०० आहे म्हणून १०० धरू नका. जाडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी घ्या. मग कामाची जी व्ही आहे तिच्यावर पट्टी मधोमध ९० अंशात वाकवा. कोन गुण्याने नाही, बेव्हल प्रोट्रॅक्टरने तपासा. ९१ असेल तर पुन्हा मारा, ८९ असेल तर दुसरी पट्टी घ्या, कारण एका अंशाचीही चूक पायांच्या मापात उतरते. दोन्ही पाय बाहेरून मोजा. आतला रेडियस रेडियस गेजच्या पात्यांनी बघा, उजेडाकडे धरून.

आमच्या पट्टीचे आकडे असे आले. सपाट लांबी १००.०, जाडी १.५८, पाय ५१.५० आणि ५१.४८, रेडियस २.

पायांची बेरीज १०२.९८. त्यातून १०० वजा केले की डिडक्शन २.९८. रेडियस आणि जाडीच्या बेरजेची दुप्पट ७.१६, त्यातून २.९८ गेले, उरलं ४.१८, हे बेंड अलाउन्स. त्याला १.५७०८ ने भागलं की २.६६. त्यातून रेडियस २ वजा केला, राहिला ०.६६. जाडीने भागला, ०.४२.

तिन्ही पट्ट्यांची सरासरी घ्या. के ०.५ च्या वर आला तर मोजणीत चूक आहे. ०.३ च्या खाली आला तर बहुधा रेडियस कमी वाचला गेलाय. दोन्ही वेळा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायची घाई न करता पट्टी पुन्हा मोजा.

इथे कुणी विचारेल, डिडक्शन थेट मिळालंय तर रेडियस आणि के यांची उठाठेव कशाला? फक्त ९० अंशाचं काम करत असाल तर खरंच गरज नाही. सॉलिडवर्क्समध्ये बेंड डिडक्शनचा आकडा थेट भरता येतो. पण तिरकं वळण आलं की गाडी अडते. समजा त्याच पट्टीवर रेडियस चुकून १.५ वाचला. मग के ०.३३ निघतो. ९० अंशाला ही जोडीही बरोबर २.९८ चं डिडक्शन देते, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. आता १२० अंशाचं वळण घ्या, म्हणजे आतला कोन ६० उरतो असं. खऱ्या जोडीने डिडक्शन ६.८३ येतं आणि चुकीच्या जोडीने ६.४३. एकाच वळणात ०.४ मिमीचा फरक. छपराच्या कडा, पन्हाळी, हूडची तिरकी तोंडं करणाऱ्यांनी रेडियस मन लावून मोजावा.

कोनाबद्दल आणखी एक. सूत्रातला आणि सॉफ्टवेअरमधला कोन म्हणजे सपाट पत्र्यापासून तो किती वळला तो. प्रेसवरचा माणूस आतला कोन बोलतो. सॉफ्टवेअरचं ४५ म्हणजे त्याचं १३५. ९० ला दोन्ही सारखेच असल्याने हा गैरसमज वर्षभर झाकलेला राहतो आणि पहिल्या तिरक्या नगाला उघडा पडतो. ड्रॉइंगवर बेंड नोटसोबत छोटं आडवं छेदचित्र काढून त्यावर आतला कोन लिहा.

आकडा कुठे भरायचा

सॉलिडवर्क्समध्ये फीचर ट्रीतल्या शीट मेटलवर एडिट करून जाडी, रेडियस आणि के तिथेच भरा. मग प्रत्येक एज फ्लँज (कडेला वळवलेला भाग) उघडून बघा. एखाद्या फ्लँजला कुणी आधी वेगळा बेंड अलाउन्स दिला असेल तर वरचा बदल तिथे पोचत नाही. “के बदलला तरी ब्लँक हलतच नाही” या तक्रारीचं कारण निम्म्या वेळा हेच निघतं.

इन्व्हेंटर आणि फ्यूजनमध्ये हे काम शीट मेटल रूलमधून (जाडी, रेडियस आणि के यांच्या साठवलेल्या संचातून) चालतं. तिथे मूळ के ०.४४ आणि मूळ रेडियस जाडीएवढा असतो. १.६ च्या पत्र्याला १.६ चा रेडियस हा १० च्या व्हीचा आकडा आहे. तुमच्याकडे १२ ची व्ही असेल तर तो बदलायलाच हवा. आम्ही रूलची नावं “सीआर १.६ व्ही १२” अशी ठेवतो. नावातच व्ही असली की मॉडेल करणाऱ्याला प्रेसची आठवण राहते. नुसतं “माइल्ड स्टील” असं नाव असलेला रूल मी आमच्या लायब्ररीतून काढून टाकलाय.

क्रिओ वापरणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. क्रिओमध्ये मूळचा आकडा वाय-फॅक्टर असतो, के नव्हे. वाय म्हणजे के × १.५७०८. आपला ०.४२ तिथे ०.६६ म्हणून जायला हवा. ०.४२ तसाच वायच्या रकान्यात टाकला तर तो के ०.२७ समजला जातो आणि १.६ च्या पत्र्यात दर वळणाला जवळजवळ ०.४ मिमी चुकतात. फ्रीकॅडच्या शीट मेटल वर्कबेंचमध्येही असाच प्रकार आहे. तिथे के-फॅक्टर अँसी (अमेरिकन) पद्धतीने की डीआयएन (जर्मन) पद्धतीने, ते निवडावं लागतं. डीआयएनमध्ये तो अर्ध्या जाडीच्या हिशेबात मोजतात, म्हणून आकडा दुप्पट होतो: अँसीचा ०.४२ म्हणजे डीआयएनचा ०.८४. कुठलंही सॉफ्टवेअर असो, आकडा भरून झाला की एका वळणाचा साधा एल काढा, ५० × ५०, आणि त्याचा फ्लॅट (उलगडलेली सपाट लांबी) मोजा. १०० वजा डिडक्शन, म्हणजे आपल्या पट्टीच्या हिशेबाने ९७ आला तर पुढे जा.

आमची पेटी नव्या रूलवर उघडली, ४१८ चा फ्लॅट काढला आणि एकच नग कापून आणला. तळ २९९.९ आला. मग बाकीचे कापले.

एवढं करूनही माप हलत असेल तर

जाडीकडे बघा. ०.१ मिमीने पातळ पत्रा आला तर दर वळणाचं डिडक्शन साधारण ०.१३ ने बदलतं, चार वळणांत अर्धा मिमी. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून आलेली शीट गाडीतून उतरताच मायक्रोमीटर लावायची सवय करा आणि जाडी शीटच्या कोपऱ्यावर खडूने लिहून टाका.

जाडीचाच दुसरा सापळा गेजचा, म्हणजे जाडी सांगणाऱ्या क्रमांकाचा. आपल्याकडे दुकानात सोळा गेज म्हटलं की १.६ चा पत्रा मिळतो. ब्रिटिश वायर गेजने तो १.६२६ आहे. सॉफ्टवेअरसोबत येणारे स्टीलचे गेज तक्ते अमेरिकन असतात आणि त्यांत सोळा गेज म्हणजे १.५१९. चौदा गेजला तर २.०३ आणि १.९० असा फरक पडतो. अठरा गेजला दोन्ही आकडे १.२१ च्या आसपास येतात. त्यामुळे अठरा गेजवर तक्ता तपासून “बरोबर आहे” म्हणणारा माणूस सोळावर फसतो. माझं स्पष्ट मत आहे की ड्रॉइंगवर गेज लिहूच नये, मिलिमीटर लिहावेत.

आखूड लिप असेल तर ऑपरेटरला विचारा, व्ही बदललीत का? १२ च्या व्हीवर पाय निदान साडेआठ मिमीचा लागतो, नाहीतर पत्र्याची कड व्हीत घसरते. ७ ची लिप मागितली तर तो ८ ची व्ही लावणारच, त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. मग त्या वळणाचा रेडियस १.३ होतो आणि डिडक्शन ३.० ऐवजी २.७. एकाच नगात दोन व्ही, म्हणजे दोन रेडियस. सॉफ्टवेअरमध्ये त्या फ्लँजपुरता रेडियस वेगळा द्या. त्याहून चांगलं म्हणजे लिप ९ किंवा १० ची करता येते का ते गिऱ्हाइकाला विचारा.

भोकं लांबट झाली असतील तर तो बेंडच्या हिशेबाचा दोष नाही. व्हीच्या खांद्यांमधला पत्रा वाकताना ओढला जातो. भोकाची कड बेंडच्या रेषेपासून व्हीच्या निम्म्या अंतरापेक्षा जवळ आली की भोक गोल राहत नाही. १२ च्या व्हीला ६ मिमी सोडाच, आणि जमलं तर आणखी एक-दोन.

पावडर कोटिंगही विसरू नका. साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर प्रत्येक पृष्ठावर चढतो. पेटी आणि दार दोन्हींवर तो बसतो, म्हणून दाराभोवतीची फट ठरवताना तो धरावा लागतो. मात्र फ्लॅट पॅटर्नच्या हिशेबात त्याला आणू नका, तो वाकवल्यानंतर येतो.

बाहेरून आलेलं मॉडेल उलगडतच नसेल

गिऱ्हाईक स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) पाठवतं आणि आपण फ्लॅट मागितला की सॉफ्टवेअर नकार देतं. बहुतेक वेळा ते मॉडेल ठोकळ्याला शेल मारून, म्हणजे आतून पोकळ करून, बनवलेलं असतं. आतल्या कोपऱ्याला फिलेट (गोलाई) २ आणि बाहेरच्याही कोपऱ्याला २, म्हणजे वळणावर जाडी एकसारखी राहत नाही. बाहेरचा रेडियस हा आतला रेडियस अधिक जाडी असायलाच हवा: २ चा आत असेल तर ३.६ बाहेर. दुसरं कारण म्हणजे चारही भिंती कोपऱ्यात एकमेकींना चिकटलेल्या. बंद डबा उलगडणार कसा? कोपरा उघडावा लागतो आणि तिथे बेंड रिलीफ (कोपऱ्यातली छोटी खाच) द्यावा लागतो.

अशा फाइलवर तासन्‌तास डागडुजी करण्यापेक्षा मी फिलेट काढून टाकते आणि कन्व्हर्ट टू शीट मेटल वापरून तळाचं पृष्ठ निवडते, मग एकेक वळण आपल्या रूलने बनवते. सहा-आठ वळणांपर्यंत हा मार्ग जलद पडतो. त्याहून जास्त वळणं असतील तर मापं घेऊन नग नव्याने काढते. गिऱ्हाइकाच्या मॉडेलमधला रेडियस आपल्या व्हीशी जुळत नसेल तर आधी फोन करून विचारते, आतलं माप सांभाळायचं की बाहेरचं.

लेझरला फाइल देताना बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा किंवा काढून टाका. पावसाळ्यातल्या एका घाईच्या संध्याकाळी आमच्या बेंडच्या रेषाही कापून आल्या होत्या आणि पेटीच्या जागी पाच पट्ट्या हातात पडल्या होत्या. आणि मॉडेल बदललं की डीएक्सएफ नव्याने काढा, नावात रिव्हिजन घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीची फाइल पडलेली असते आणि कापणारा सर्वांत वर दिसेल ती उचलतो.

सध्या एसएस ३०४ चं काम चालू आहे, १.५ जाडी, तीच १२ ची व्ही. स्टेनलेसचा रेडियस त्याच व्हीत सीआरपेक्षा मोठा येतो आणि पत्रा परतही जास्त फिरतो, म्हणून सीआरचा रूल तिथे चालत नाही. त्याच्या तीन पट्ट्या काल कापून आल्यात. मामांनी प्रेसशेजारच्या तारेत जुन्या पट्ट्या ओवून ठेवल्यात. प्रत्येकीवर मार्करने लांबी, जाडी, व्ही आणि दोन्ही पाय लिहिलेले आहेत. स्टेनलेसच्या पट्ट्या आज दुपारी वाकवल्या की त्याही तिथेच लागतील.